साडी परत आली, आता काय करायचं? ऑनलाइन विकणाऱ्यांनी कस्टमरशी वाद कसा सोडवायचा

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काळ्या साड्यांच्या ऑर्डरी धडाधड येतात आणि संक्रांत झाली की १६-१७ तारखेपासून त्यातल्या काही परत यायला लागतात. कारण लिहिलेलं असतं "कलर वेगळा आहे" किंवा "क्वालिटी आवडली नाही", आणि उघडून बघितलं की पदराला खांद्याच्या जागी पिनेची दोन भोकं. मी नाशिकहून साड्या विकते, येवल्याच्या विणकरांकडच्या थोड्या हातमागाच्या, बाकी पावरलूमच्या सेमी पैठणी आणि कॉटन. अशा वादांमध्ये मी पैसेही घालवलेत आणि झोपही, म्हणून जे शिकले ते सगळं इथे लिहिते. उदाहरणं साडीची आहेत पण तुम्ही भांडी विका, खेळणी विका, पद्धत तीच.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पहिल्या वर्षीच्या एका रिटर्नने. साडी परत आली, वरून एकदम नीट, घडी तशीच, टॅग जागेवर, मी खुश होऊन स्टॉकला लावली आणि आठवड्याने दुसऱ्या ताईंना पाठवली. त्यांचा मेसेज आला की यात ब्लाउज पीसच नाही. म्हणजे पहिल्या कस्टमरने शेवटचा तुकडा कापून ठेवला, घडी परत तशीच घातली आणि पूर्ण रिफंड घेतला. आता दुसऱ्या ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, त्यांचे पैसे मी लगेच परत केले. पहिल्या रिटर्नवर प्लॅटफॉर्मकडे क्लेम, म्हणजे भरपाईची मागणी, टाकायला गेले तर मुदत संपलेली, आणि मुदत असती तरी दाखवायला माझ्याकडे काय होतं? पॅकिंगचा फोटो होता, त्यात बंद घडी दिसते, ब्लाउज पीस दिसतच नाही. वाद सुरू झाल्यावर पुरावा तयार करता येत नाही हो, तो पॅकिंगच्या टेबलावरच तयार व्हावा लागतो, तेव्हा जेव्हा कोणाशी काही भांडणच नसतं.

आधी ठरवा, चूक कोणाची

रिटर्नचा मेसेज आला की पहिला राग येतो, तो अर्धा तास जाऊ द्या. मग पहिली गोष्ट बघा की हा आरटीओ आहे का कस्टमर रिटर्न. आरटीओ म्हणजे पार्सल कस्टमरच्या हातात गेलंच नाही, पत्ता सापडला नाही किंवा कॅश ऑन डिलिव्हरी घ्यायला नकार दिला आणि माल तसाच परत फिरला. त्यात कस्टमरने काही केलं असायची शक्यता नाही, माल फाटला-हरवला तर तो वाहतुकीचा प्रश्न आहे आणि क्लेमही त्याच खात्यात टाकायचा असतो. कस्टमर रिटर्न म्हणजे त्यांनी घेतलं, उघडलं आणि परत दिलं. नवीन लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि चुकीच्या कारणाखाली तिकीट, म्हणजे प्लॅटफॉर्मकडे तक्रार, टाकून बसतात, ते दोन दिवसांत बंद होतं.

दुसरं म्हणजे मनापासून विचारा की आपलं काही चुकलंय का. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत लबाडीच्या थोड्याच असतात, जास्त करून चूक माझी नाहीतर कुरिअरची निघते. राणी कलरच्या जागी वाईन कलर गेला, पावसाळ्यात पार्सल भिजलं, विणताना धागा सुटलेला होता आणि चेकिंगमध्ये दिसला नाही, असलं. अशा वेळी वाद घालायचाच नाही, त्याच दिवशी रिटर्न मान्य करायचा आणि सॉरी म्हणायचं. आणि हा चांगुलपणाचाच भाग आहे असं नाही, कायदाच तसा आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांमध्ये सेलरसाठी स्पष्ट आहे की माल खराब, नकली किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर परत घ्यायला किंवा रिफंड द्यायला नकार देता येत नाही. सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा पोचला तरी तेच, फक्त नैसर्गिक आपत्तीसारखं कोणाच्याच हातात नसलेलं कारण असेल तर सूट आहे. म्हणजे संक्रांतीची साडी १३ ला मिळेल असं दाखवलं आणि १६ ला पोचली आणि त्या बाईंनी न घालता परत केली, तर ती अगदी रास्त तक्रार आहे, तिला पिनेची भोकं पाडणाऱ्यांच्या रांगेत बसवू नका. त्याच नियमांप्रमाणे सेलरला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्यात द्यायचा असतो. घरून धंदा करणाऱ्यांकडे तो अधिकारी म्हणजे आपणच, म्हणून मी सकाळी चहा झाला की आधी मेसेज बघते, ऑर्डरी नंतर.

पॅकिंगचा व्हिडिओ, कट न करता

आता टेबलाकडे येऊ. मी भिंतीला मोबाइलचा स्टँड ठोकून घेतलाय, वरून खाली बघणारा, आणि व्हिडिओ एका दमात घेते. मध्ये थांबवून परत सुरू केलेला व्हिडिओ बघणारा माणूस मानत नाही, कारण त्या मधल्या वेळात माल बदलला असं म्हणता येतं. सुरुवातीला शिपिंग लेबल कॅमेऱ्याजवळ धरायचं, ऑर्डर नंबर आणि एडब्ल्यूबी म्हणजे कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर वाचता आला पाहिजे, नुसता पांढरा चौकोन दिसून उपयोग नाही. मग साडी उघडायची, पदर, दोन्ही काठ, आणि ब्लाउज पीसचं टोक दाखवायचं. महाग साडी असेल तर मी टेप लावून मोजून दाखवते. सहावारी साधारण साडेपाच मीटर आणि ब्लाउज पीस ऐंशी सेंटिमीटर धरला तर ६.३० मीटरच्या आसपास येते, नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. मग टॅग, त्यावरचा माझा नंबर, मग घडी, मग वजनकाट्यावर ठेवून आकडा दिसू द्यायचा, मग पिशवी सील आणि तेच लेबल वर चिकटवायचं. हे सगळं अडीच-तीन मिनिटांत होतं, सवय झाली की बोलता बोलता होतं.

वजनाचं मी मुद्दाम सांगते कारण ते फार कमी लोक करतात. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. साडी बदलून दुसरीच हलकी साडी परत पाठवणारे असतात, तेव्हा जाताना ६४० ग्रॅम आणि येताना ३९० ग्रॅम हे दोन आकडे चार पानांच्या भांडणापेक्षा जास्त बोलतात.

टॅग कुठे लावता तेही बघा. नुसता गळ्यात घातल्यासारखा कोपऱ्यात लोंबणारा टॅग असेल तर तो लपवून साडी नेसता येते. मी पदराच्या बाजूला, दिसणाऱ्या ठिकाणी लावते, एकदाच तुटणारा, त्यावर साडीचा नंबर हाताने लिहिलेला. मात्र त्यावर "टॅग काढल्यास माल परत घेणार नाही" असं छापून स्वतःला सुरक्षित समजू नका, आपली चिठ्ठी प्लॅटफॉर्मच्या पॉलिसीच्या आणि कायद्याच्या वर नसते, खराब निघालेली साडी टॅग काढलेला असला तरी परत घ्यावीच लागते. टॅगचा उपयोग एवढाच की वापरलेली साडी ओळखू येते आणि तसं दाखवता येतं.

व्हिडिओला नाव ऑर्डर नंबर आणि तारखेचंच द्या, नाहीतर महिन्याभराने शोधताना रडू येतं, मला आलंय. मोबाइल भरतो म्हणून रविवारी सगळे हार्ड डिस्कवर टाकते. स्वस्त मालाचे क्लेमची मुदत संपली आणि पैसे जमा झाले की उडवते, पण महाग साड्यांचे दोन वर्षं ठेवते, कारण ग्राहक आयोगात तक्रार करायला कस्टमरला दोन वर्षांची मुदत असते.

परत आलेलं पार्सल, घाई करू नका

डिलिव्हरीचा मुलगा दहा रिटर्न घेऊन दारात उभा असतो आणि त्याला घाई असते, तो म्हणतो मॅडम ओटीपी सांगा. त्याच्यावर ओरडू नका, त्याचंही दिवसाचं टार्गेट असतं, पण आधी पाकिटं मोजा, प्रत्येकाचा नंबर तुमच्या लिस्टशी जुळवा, मगच ओटीपी. पाकीट फाटलेलं, टेप दुसरीच लावलेली दिसली तर त्याच्यासमोरच फोटो काढा आणि शेरा लिहून घ्या. एकदा ओटीपी दिला की दहा मिळाले असं रेकॉर्ड होतं, मग नऊच होते हे सांगून कोणी ऐकत नाही.

उघडायचा व्हिडिओही तसाच, एका दमात. कापायच्या आधी पाकिटाच्या सगळ्या बाजू, लेबल, टेप. मग वजन. मग कापायचं आणि साडी पूर्ण पसरायची, अर्धी नाही, पूर्ण. साडी वापरली आहे हे कसं ओळखायचं ते नीट बघा. पिनेची भोकं उजेडासमोर धरली की दिसतात, खांद्याच्या आणि निऱ्यांच्या जागी. पदराच्या आतल्या बाजूला पावडर-फाउंडेशनचा डाग, हळदीकुंकवाची बोटं. फॉल लावून उसवलेला असेल तर खालच्या काठाला सुईच्या भोकांची सरळ ओळ राहते, ती जवळून दाखवा, ती म्हणजे पक्का पुरावा, कारण नवीन साडीला तशी ओळ असूच शकत नाही. अत्तराचा किंवा घामाचा वास कितीही येत असला तरी तो व्हिडिओत दिसत नाही, त्यामुळे क्लेममध्ये वासावर जोर देऊ नका, जे डोळ्याला दिसतं तेच लिहा. आणि ब्लाउज पीस, टेप लावून, दर वेळी.

क्लेम लिहिताना

प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं आहे, अमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर एसपीएफ म्हणजे सेलर प्रोटेक्शन फंड, मीशोवर सप्लायर पॅनलमध्ये क्लेम. मुदती वेगवेगळ्या आणि त्या बदलत राहतात, कोणाच्या तरी जुन्या व्हिडिओत ऐकून विसंबू नका, आपल्या पॅनलमध्ये आज काय लिहिलंय ते बघा आणि मी तर रिटर्न हातात आला त्याच दिवशी टाकते म्हणजे मुदत आठवायचा प्रश्नच येत नाही.

माझे सुरुवातीचे क्लेम म्हणजे अर्जच असायचे, मी गरीब सेलर आहे, कस्टमरने फसवलं, कृपया न्याय द्या. सगळे रिजेक्ट. वाचणाऱ्याकडे दिवसाला असे ढीग असतात, त्याला तुमचं दुःख कळलं तरी त्याच्या चौकटीत टाकायला जागा नसते, त्याला हवं असतं काय गेलं, काय आलं, फरक कुठे दिसतो. आता मी असं लिहिते, इंग्रजीत पण मजकूर हाच: "ऑर्डर नंबर अमुक. ८ जानेवारीला ६.३० मीटरची साडी ब्लाउज पीससकट पाठवली, पॅकिंग व्हिडिओ १ मिनिट १० सेकंदाला मोजमाप दिसतं. १९ जानेवारीला परत आली, लांबी ५.५० मीटर, ब्लाउज पीस कापलेला आहे, उघडतानाचा व्हिडिओ ४५ सेकंदाला दिसतो. दोन्ही व्हिडिओत टॅग नंबर एकच आहे. विक्रीयोग्य राहिलेली नाही, पूर्ण रक्कम मिळावी." एवढंच. व्हिडिओचा मिनिट-सेकंद लिहिणं फार महत्त्वाचं, तीन मिनिटांचा व्हिडिओ कोणी पूर्ण बघेल असं धरून चालू नका. त्याबरोबर दोन फोटो शेजारी शेजारी, जातानाचा आणि येतानाचा, एकाच जागेचे.

रिजेक्ट झाला तर त्याच मजकुराचं दुसरं तिकीट टाकायचं नाही, डुप्लिकेट म्हणून बंद होतं आणि मूळ केसही मागे पडते. त्यांनी दिलेलं कारण वाचा, ते बहुतेक वेळा ठराविक वाक्य असतं पण त्यात एखादा शब्द उपयोगाचा असतो, जसं "लेबल स्पष्ट नाही". मग त्याच केसवर फक्त त्या एका मुद्द्याचं उत्तर, लेबलचा क्लोजअप. माझे रिजेक्ट झालेले बरेच क्लेम दुसऱ्या फेरीत पास झालेत, ते अशा एका नवीन फोटोवरच.

आणि जिथे पुरावा नाही तिथे सोडून द्या. ७०० रुपयांच्या साडीसाठी आठ दिवस कुढत बसले होते मी, त्या आठ दिवसांत दुसऱ्या ऑर्डरींचं चेकिंग ढिलं पडलं आणि त्यातून अजून दोन तक्रारी आल्या.

कस्टमरशी बोलताना

बोलणं प्लॅटफॉर्मच्या चॅटमध्येच ठेवा. व्हॉट्सअपवर गेलात की रेकॉर्ड हातातून गेलं, आणि कितीतरी ठिकाणी कस्टमरला बाहेर संपर्क करणं नियमाविरुद्ध आहे, अकाउंटवर कारवाई होते. पहिलाच मेसेज आरोपाचा नको. "ताई, नमस्कार. साडीबद्दल तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटलं. नक्की कुठे फरक वाटला त्याचा दिवसाच्या उजेडात एक फोटो पाठवाल का, म्हणजे मी लगेच बघते." एवढ्यावर निम्म्या तक्रारी मऊ होतात असा माझा अनुभव आहे. खऱ्या कस्टमर फोटो पाठवतातच. आणि फोटो बघून कधी कधी कळतं की दोष खरंच आहे, मग ती पूर्ण लॉट तपासायला काढायची.

संशय असला तरी चॅटमध्ये "तुम्ही नेसून परत केली" असं लिहू नका. आधी तर तुम्ही चुकीचे असू शकता, एखादीने फक्त आरशासमोर अंगावर टाकून बघितलेली असते. आणि ते वाक्य उद्या स्क्रीनशॉट होऊन रिव्ह्यूमध्ये येतं. सांगायचं ते क्लेममध्ये सांगा.

रिव्ह्यू काढा, पैसे देते, असलं कधीही करू नका, नियमात बसत नाही आणि बरोबरही नाही. स्वतः किंवा नातेवाइकांकरवी खोटे रिव्ह्यू टाकणं तर त्या २०२० च्या नियमांतच सेलरला मनाई आहे. वाईट रिव्ह्यूला खाली शांतपणे दोन ओळींचं उत्तर द्या, पुढच्या कस्टमर ते वाचतात.

थेट यूपीआयने पैसे परत पाठवणंही टाळा. तुम्ही पाठवता आणि तिकडून प्लॅटफॉर्मचाही रिफंड होतो, मग दोनदा गेले. आणि कोणी म्हणालं की चुकून जास्त पैसे आलेत, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुम्हाला मिळतील, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही, पिन फक्त पैसे जाताना लागतो. घरून धंदा करणाऱ्या बायकांना हे फोन खूप येतात, सासूबाईंनाही सांगून ठेवा कारण दुपारी फोन त्या उचलतात.

लिस्टिंगमध्येच निम्मं भांडण असतं

"पैठणी" एवढंच लिहून पावरलूमची सेमी विकली आणि कस्टमरने धागा जाळून बघितला तर तुम्ही हरलात, आणि हरायलाच पाहिजे. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नावातच "सेमी पैठणी, आर्ट सिल्क" (म्हणजे कृत्रिम रेशीम) लिहा, तिसऱ्या ओळीत लपवून नाही. हातमागाची असेल तर पदराच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, हाताने विणलेल्या पदराचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो, मशीनच्या साडीला मागे धागे सुटलेले असतात. विणकर महिनोन्‌महिने बसून जे विणतो त्याचं नाव दुसऱ्या कशाला लावून विकणं मला तरी पटत नाही, आणि त्या खोटेपणाने खऱ्या पैठणीवरचाही लोकांचा विश्वास जातो.

कलरसाठी एक फोटो घरातल्या लाइटमध्ये आणि एक गॅलरीत उन्हात, दोन्ही टाकते. लांबी मीटरमध्ये, ब्लाउज पीससकट किती आणि त्याशिवाय किती. हे लिहायला लागले तेव्हापासून "लांबी कमी आहे" ही तक्रार माझ्याकडे जवळजवळ बंद झाली.

कागदपत्रांचं थोडक्यात

रिटर्न झाला की क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, झाली पाहिजे, नाहीतर न झालेल्या विक्रीवर जीएसटी भरत बसाल. पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र भरण्यापर्यंत, जे आधी असेल तोपर्यंत ती दाखवता येते, पण तेवढं थांबू नका, दर महिन्याला प्लॅटफॉर्मच्या रिपोर्टशी जुळवा. टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्म आपल्या पैशातून कापून सरकारला भरतो तो कर, तोही परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवरच कापतात, जुलै २०२४ पासून तो एकूण अर्धा टक्का आहे, तोही जुळतोय का बघा.

कस्टमर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गेली तर घाबरू नका, तिथे समजुतीनेच मिटवायचा प्रयत्न असतो, तुमचं उत्तर पुराव्यासकट वेळेत द्या. जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली तर मात्र त्याच दिवशी वकिलाला दाखवा. २०१९ च्या कायद्याने कस्टमर स्वतः राहते त्या जिल्ह्यात तक्रार करू शकते, म्हणजे नोटीस नागपूरची पण असेल आणि कोलकात्याची पण. उत्तर द्यायला ३० दिवस, आणि आयोगाने दिले तर अजून १५, त्याच्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलंय. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून ठेवली तर एकतर्फी निकाल लागतो आणि मग सगळे व्हिडिओ असून काही उपयोग नाही.

परत आलेल्या साडीचं काय

हे मी शेवटी लिहितेय पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. क्लेम पास होवो न होवो, वापरलेली साडी नवीन म्हणून परत कोणाला पाठवायची नाही. माझ्याकडे वेगळं कपाट आहे, त्यात तीन कप्पे. एकदम नवीन असलेली, पूर्ण मोजून, नव्याने घडी घालून, नवीन टॅग लावून परत स्टॉकला जाते आणि तिचा पॅकिंगचा व्हिडिओ नव्याने होतो. ब्लाउज पीस नसलेली किंवा फॉल लावून काढलेली, तीच गोष्ट स्पष्ट सांगून ओळखीच्यांना कमी भावात देते, आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन जणी त्याच कप्प्याची वाट बघतात. आणि डाग असलेली, फाटलेली, ती शेजारच्या शिंपीणबाई घेतात, त्याच्या पिशव्या आणि बटवे शिवतात.

त्या दुसऱ्या ताई, ज्यांना ब्लाउज पीस नसलेली साडी गेली होती, त्यांना रिफंडनंतर मी काय झालं ते खरं खरं लिहून कळवलं होतं. त्यांनी दिवाळीत परत माझ्याचकडून दोन साड्या घेतल्या, आणि चॅटमध्ये एवढंच विचारलं, "ताई, यावेळी मोजून पाठवताय ना?" मी मोजतानाचा व्हिडिओच पाठवला.